बरोबरीचं शिबिर: सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलची वाटचाल

सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल हे नाव महाराष्ट्रात फारसं कुणाच्या कानावरून गेलेलं नाही. पण या संघटनेच्या स्वयंसेवकांनी आपल्या वरोऱ्याजवळ भिंती उभारल्या, बिहारात घरं बांधली, फाळणीनंतर फरीदाबादच्या निर्वासितांसोबत घाम गाळला. 2020 साली संघटनेला शंभर वर्षं झाली. निरनिराळ्या देशांतल्या, धर्मांतल्या, भाषांतल्या तरुणांनी काही आठवडे एका छपराखाली राहायचं, दिवसा अंगमेहनतीचं काम करायचं आणि संध्याकाळी, ज्या प्रश्नामुळं ते काम निघालं त्याचा अभ्यास करायचा, ही तिची पद्धत. जगभर तिला 'वर्ककॅम्प' म्हणतात, आपण श्रमशिबिर म्हणतो. मानवी हक्कांचं शिक्षण हा विषय विद्यापीठांत आणि संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांत येण्याच्या कितीतरी आधी या शिबिरांत तो शिकला जात होता, तोही बहुतेक वेळा कुणी ठरवलेलं नसताना.

या वाटचालीकडं पाहताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते. संघटना पुढं सरकली ती कुणीतरी तिच्या कडेला, अर्धवट आत आणि अर्धवट बाहेर उभं असताना. आधी जर्मन, मग बायका, मग वसाहतींतली माणसं, कुष्ठरोगी, निर्वासित. त्यांना पंक्तीत घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कुठल्या नात्यानं, हा प्रश्न दर पिढीला नव्यानं सोडवावा लागला. त्याची उत्तरं दर वेळी लगेच सापडली नाहीत.

संस्थापक पिएर सेरेसोल हे स्विस इंजिनिअर. जन्म 1879 चा, लोझानचा. वडील पॉल सेरेसोल हे स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले, भाऊ अर्नेस्ट सैन्यात कर्नल. अशा घरातला हा मुलगा गणित आणि अभियांत्रिकी शिकला, अमेरिका, हवाई, जपान असा मिळेल ते काम करत फिरला आणि वाट्याला आलेला वारसा त्यानं सरकारला देऊन टाकला. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकी सेवेच्या बदल्यात आकारला जाणारा कर भरायला त्यानं नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. नुसत्या नकारावर मात्र त्याचं समाधान होत नव्हतं. युद्धाला नाही म्हणणाऱ्यानं युद्धाइतकंच कष्टाचं, शिस्तीचं, धोका पत्करणारं काहीतरी करून दाखवलं पाहिजे, ही सेरेसोल यांची धारणा. पुढं संघटनेनं 'भाषण नको, कृती हवी' हेच आपलं ब्रीद मानलं.

1919 साली हॉलंडमधल्या बिल्थोव्हन इथं वेगवेगळ्या देशांतले युद्धविरोधी ख्रिस्ती कार्यकर्ते जमले. पुढच्या वर्षी ते पुन्हा भेटले. ठरावांवर ठराव चालू असताना, जर्मन सैन्यानं उद्ध्वस्त केलेल्या फ्रेंच भागात जाऊन जर्मनांनीच काम करावं, असा विचार एका जर्मन प्रतिनिधीनं मांडला. सेरेसोल यांनी तो उचलून धरला आणि नोव्हेंबर 1920 मध्ये व्हर्डनजवळच्या एन-आँ-आर्गोन या गावात पहिलं शिबिर लागलं.

व्हर्डनची लढाई 1916 साली सुमारे दहा महिने चालली आणि दोन्ही बाजूंचे मिळून सात लाखांच्या आसपास सैनिक त्यात मेले किंवा जखमी झाले. युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती, शेतांत न फुटलेले तोफगोळे होते, घरांच्या जागी ढिगारे होते. अशा गावात स्विस, इंग्रज आणि जर्मन माणसांची एक छोटी तुकडी आली. ह्यूबर्ट पॅरिस नावाचे, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातले इंग्लिश कार्यकर्ते व्यवस्था पाहत होते. हिवाळाभर या तुकडीनं तात्पुरती लाकडी घरं उभी केली, रस्ते दुरुस्त केले, राडारोडा उपसला. गावातली काही माणसं त्यांच्याशी माणुसकीनं वागली. पण वसंत ऋतू आला आणि वारं फिरलं. शेतीच्या कामाला या भूमीवर जर्मन नकोत, असा दबाव वरून आला. जर्मनांना परत पाठवून बाकीच्यांना काम चालू ठेवता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. सगळी तुकडी एकत्रच निघून गेली.

हिशेबाच्या वहीत हे शिबिर फसलं. गावाची उभारणी अर्धवट राहिली, समेट तर दूरच. तरी संघटनेच्या इतिहासातला सर्वांत मोठा धडा मला इथंच दिसतो. गट टिकवण्यासाठी त्यातल्या एकाला बाहेर काढायचं नाही, हा नियम कुठल्याही सनदेत लिहिण्याआधी त्या मंडळींनी पाळून दाखवला होता.

पुढची काही वर्षं आल्प्सच्या डोंगरांत गेली. हिमकडे कोसळलेली, पुरानं वाहून गेलेली गावं साफ करायची कामं. 1924 सालच्या शिबिरात तर कर्नल असलेला भाऊ अर्नेस्टही सामील झाला. 1927 साली ऱ्हाइन नदीचा बांध फुटून लिश्टेनस्टाइनची शेतजमीन दगडगोट्यांखाली गाडली गेली, तेव्हा 1928 च्या मोसमात वीसहून अधिक देशांतले सातशेवर स्वयंसेवक तिथं येऊन गेले. संघटनेची पद्धत पक्की झाली ती इथं.

या शिबिरांत पुरुष स्वयंसेवकाला 'मित्र' म्हणत आणि स्त्री स्वयंसेवकाला 'भगिनी'. मित्र दगड फोडत, भगिनी स्वयंपाक करत, कपडे धुत आणि शिवत. जगाला बरोबरी शिकवायला निघालेल्या माणसांना यात काही वावगं वाटत नव्हतं. फावडं आपल्याही हाती द्या, असं म्हणणाऱ्या बायका पुढं आल्या आणि मग पुरुषांच्या वाट्याला बटाटे सोलणं आलं. एवढ्याशा गोष्टीला कित्येक वर्षं लागली. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क 1971 साली मिळाला, हे लक्षात घेतलं तर शिबिराच्या स्वयंपाकघरात सुरू झालेला झगडा देशाच्या पुढंच होता म्हणायचं. सैन्याऐवजी नागरी सेवा करू द्या ही सेरेसोल यांची मूळ मागणी त्याहूनही उशिरा मान्य झाली. तसा कायदा तिथं 1996 साली अमलात आला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी.

भारताशी नातं जुळलं ते गांधीजींमुळं. डिसेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याकडं मुक्कामाला होते. त्या दिवसांत सेरेसोल यांची त्यांच्याशी भेट झाली. 15 जानेवारी 1934 च्या दुपारी भूकंपानं बिहार हादरला. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा भागात हजारो माणसं गेली. जमीन फाटून आतली वाळू वर आली आणि पिकाच्या शेतांवर तिचे थर बसले. जमिनीची पातळीच बदलल्यामुळं पावसाळ्यात पाणी कुठं तुंबेल याचा भरवसा उरला नाही. कित्येक गावांना उंचावर हलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तुरुंगातून नुकतेच सुटलेले राजेंद्र प्रसाद मदतकार्याची सूत्रं सांभाळत होते. सेरेसोल त्या वर्षी बिहारात पोहोचले, त्यांनी परिस्थिती पाहिली, परत जाऊन माणसं जमवली आणि पुन्हा आले. 1937 पर्यंत हे काम चाललं. मुझफ्फरपूर भागात त्यांनी वसवलेल्या पहिल्या गावाचं नाव शांतिपूर ठेवलं गेलं.

युरोपातून आलेले स्वयंसेवक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पैसा आणि मनुष्यबळ यांच्या हिशेबात त्यांचं योगदान अगदी छोटं. पण तो प्रदेश निळीच्या मळ्यांचा होता. गोरा माणूस म्हणजे हुकूम सोडणारा, हा तिथल्या शेतकऱ्याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. त्या शेतकऱ्याबरोबर माती उपसणारे, त्याच्यासारख्याच उन्हात उभे राहणारे इंग्रज आणि स्विस तरुण हा नवाच प्रकार होता. तेवढ्यानं गुलामी हलली नाही, हेही खरं. सरकारी अधिकारी एका बाजूला, काँग्रेसचे कार्यकर्ते दुसऱ्या बाजूला, मध्ये जमीनदार, आणि कुणाच्या जमिनीवर कुणाचं घर बांधायचं हा रोजचा वाद. युरोपातल्या शिबिरांत कधी न आलेले प्रश्न इथं आले. शिबिरार्थी आपल्या खर्चानं येऊन फुकट राबतो हे तिथं भूषण होतं. इथं ज्याचं सगळं गेलं आहे त्याला फुकट राब म्हणणं हाच अन्याय ठरला असता. शिवाय जात. भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा, असं गांधीजी म्हणाले होते आणि रवींद्रनाथांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. त्या वादाचे पडसाद उमटत असलेल्या मुलखात नवं गाव आखायचं म्हणजे कोणत्या वस्तीनं कुठं राहायचं, विहीर कुणाजवळ येणार, हेही ठरवणं आलं. घर बांधून देणं आणि हक्क मिळवून देणं या निराळ्या गोष्टी आहेत, याची पहिली ओळख संघटनेला बिहारनं करून दिली असं मी मानतो.

पुढं स्पेनचं यादवी युद्ध आलं. संघटनेच्या स्विस शाखेनं इतर संस्थांना बरोबर घेऊन मुलांसाठी मदत पाठवली. त्या कामात 1937 साली गेलेल्या एलिझाबेथ आयडेनबेंझ या तरुण शिक्षिकेनं नंतर फ्रान्समध्ये एल्न या गावी प्रसूतिगृह चालवलं. छावण्यांत कोंडलेल्या स्पॅनिश, ज्यू आणि रोमा बायकांना तिथं आणून जवळजवळ सहाशे बाळंतपणं सुखरूप केली गेली. दुसऱ्या महायुद्धात सेरेसोल यांनी परवानगी न घेता सीमा ओलांडून जर्मनीत पाऊल टाकलं, पकडले गेले, पुन्हा तुरुंगात गेले. ऑक्टोबर 1945 मध्ये ते वारले.

युद्धानंतर दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. 1948 च्या एप्रिलमध्ये युनेस्कोच्या पुढाकारानं आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरं भरवणाऱ्या संघटनांची समन्वय समिती स्थापन झाली, आणि 10 डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. शिबिरवाल्यांनी जाहीरनामा डोक्यावर घेऊन नाचावं असं काही झालं नाही. त्यांना वाटायचं, हे तर आपण करतच आहोत. या समजुतीचा फोलपणा कळायला अल्जीरिया यावा लागला.

त्याआधी भारतातलं दुसरं पर्व. 1950 मध्ये राल्फ हेगनाउअर यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी भारत आणि पाकिस्तानात आली. फरीदाबादला सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांचं नवं शहर उभं राहत होतं, तिथं तिनं काम सुरू केलं. नंतर हळूहळू भारतीय स्वयंसेवक घडत गेले आणि इथली स्वतंत्र शाखा झाली.

याच दशकात या संघटनेचे परदेशी तरुण वरोऱ्याजवळच्या आनंदवनात दाखल झाले. बाबा आमटे आणि साधनाताईंनी सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर उभं केलेलं आनंदवन त्या वेळी खडकाळ माळावरच्या झोपड्यांपुरतंच होतं. विहिरी खणून झाल्या होत्या, भाजीपाला पिकू लागला होता, पण तो विकत घ्यायला गावातलं कुणी तयार नव्हतं. कुष्ठरोग्याच्या हातचं कोण खाणार? सेवाग्रामच्या वाटेनं संघटनेचा आनंदवनाशी संबंध आला, पिएर ओप्लिगर या स्विस स्वयंसेवकानं त्यासाठी खटपट केली आणि निरनिराळ्या देशांतले तरुण तिथं मुक्कामाला आले. दवाखान्यासाठी आणि रुग्णांच्या खोल्यांसाठी त्यांनी रुग्णांच्याच जोडीनं बांधकाम केलं. ज्यांची बोटं झडली होती अशी माणसं आणि हे तरुण एकमेकांना विटा देत होते आणि एकाच जागी जेवत होते.

वरोऱ्यातली माणसं आधी गोऱ्या पाहुण्यांच्या कुतूहलानं येऊ लागली. सातासमुद्रापलीकडून आलेली ही सुशिक्षित मंडळी इथली भाजी खातात, इथलं दूध पितात आणि त्यांना काही होत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर आनंदवनाच्या मालाला गिऱ्हाईक मिळू लागलं. मला या गोष्टीत आनंद आणि खंत दोन्ही वाटतात. बाबा आणि साधनाताई आपली लहान मुलं घेऊन तिथंच राहत होते, त्यांच्याकडं पाहून जी भीती गेली नाही ती परक्यांकडं पाहून गेली. पण भीती गेली हे महत्त्वाचं. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा 1898 चा कायदा संसदेनं रद्द केला 2016 साली, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरणारी तरतूद 2019 साली काढली. विटांच्या त्या कामानंतर साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. बाबांनी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांच्या कितीतरी पिढ्या तिच्यातून गेल्या. आनंदवनातल्या त्या शिबिराचं आणि या छावणीचं एकमेकांशी जवळचं नातं आहे असं मला वाटतं.

आता अल्जीरिया. 1948 पासून संघटना तिथं काम करत होती. फ्रेंच आणि अल्जीरियन तरुण मिळून झोपडपट्ट्यांत घरं बांधत, रस्ते करत. नेली फोर्जे ही फ्रेंच तरुणी संघटनेतर्फे तिथं गेली आणि पुढं मानववंशशास्त्रज्ञ जर्मेन तियों यांनी सुरू केलेल्या सामाजिक केंद्रांत काम करू लागली. ही केंद्रं वस्त्यांमध्ये साक्षरता, आरोग्य, रोजगार यांचं काम करत. 1954 च्या अखेरीस स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. 1957 मध्ये अल्जीअर्स शहर फ्रेंच छत्रीधारी सैनिकांच्या ताब्यात होतं. त्यांनी नेली फोर्जे यांना पकडलं आणि त्यांचा छळ केला. केंद्रात काम करणारे मोहम्मद साहनून यांचीही तीच गत झाली. हेच साहनून पुढं संयुक्त राष्ट्रांचे राजनैतिक अधिकारी म्हणून प्रसिद्ध झाले. फोर्जे यांच्यावर खटला चालला आणि त्या निर्दोष सुटल्या. युद्धबंदीला चार दिवस उरले असताना, 15 मार्च 1962 रोजी, फ्रेंच अतिरेक्यांनी सामाजिक केंद्रांच्या सहा अधिकाऱ्यांना बैठकीतून बाहेर काढून गोळ्या घातल्या. लेखक मुलूद फेराऊन हे त्या सहांपैकी एक.

आम्ही राजकारणात पडत नाही, फक्त काम करतो, हा शिबिरवाल्यांचा जुना पवित्रा इथं टिकण्यासारखा नव्हता. ज्या तरुणासोबत सकाळी भिंत बांधली त्याला रात्री उचलून नेलं तर? आपल्याच देशाचं सैन्य विजेचे झटके देत असेल तर? युद्धावर जायला नकार देणाऱ्या फ्रेंच मुलांच्या पाठीशी उभं राहायचं की नाही? फ्रान्सनं सदसद्विवेकानं सैनिकी सेवा नाकारणाऱ्यांसाठी कायदा केला तो डिसेंबर 1963 मध्ये, युद्ध संपल्यावर. शेजारी उभं राहून घाम गाळल्यानं माणूस कळतो, पण त्या माणसाला कुठला कायदा चिरडतो आहे, त्याविरुद्ध दाद कुठं मागायची, आपलं सरकार यात काय करतं आहे, हे घामानं कळत नाही. ते शिकावं लागतं. स्वातंत्र्यानंतर संघटनेनं त्लेमसेनच्या डोंगरी भागात उद्ध्वस्त गावांच्या उभारणीचं काम घेतलं, तेव्हा तिथं जाणारे स्वयंसेवक पूर्वीइतके भाबडे उरले नव्हते.

त्यानंतर शिबिरातल्या अभ्यासाला वजन आलं. 1972 मध्ये युरोप परिषदेनं स्ट्रासबुर्गला युवा केंद्र काढलं, 1995 मध्ये बुडापेस्टला दुसरं. या केंद्रांत वेगवेगळ्या देशांच्या शिबिरप्रमुखांची प्रशिक्षणं भरू लागली. सर्व्हिस सिव्हिलचे कार्यकर्ते तिथं शिकायलाही असत आणि शिकवायलाही. 1987 साली संयुक्त राष्ट्रांनी संघटनेला 'शांतिदूत' हा सन्मान दिला. 2002 मध्ये युरोप परिषदेनं 'कंपास' ही तरुणांसाठीची मानवी हक्क शिक्षणाची मार्गदर्शिका काढली. ती आता तीसहून अधिक भाषांत गेली आहे. 2011 च्या संयुक्त राष्ट्रांच्या घोषणापत्रानं या शिक्षणाची तीन अंगं सांगितली: हक्कांची माहिती देणं, शिकवण्याच्या रीतीतच हक्क पाळणं, आणि हक्क वापरण्याची व जपण्याची ताकद देणं. यातलं मधलं अंग म्हणजे शिबिराचा आत्मा. ज्या वर्गात मुलांना तोंड उघडता येत नाही तिथं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा धडा वाचून काय होणार?

शिबिरात हे मधलं अंग बघायचं असेल तर स्वयंपाकघरात जावं. रोज दोन-तीन जणांची पाळी असते. कुणी डुकराचं मांस खात नाही, कुणी कुठलंच मांस खात नाही, कुणाला मांस शिजवलेल्या तव्यावरचं काहीच चालत नाही. कुणाला जेवणासोबत वाइन हवी, तर दारू पिणाऱ्यांबरोबर बसणं कुणाला जड जातं. एखाद्या मुलानं घरी कधी ताट उचललेलं नसतं, त्याला मुली सांगतात, भांडी तुझी आहेत. संस्कृतीचा आदर आणि माणसाची बरोबरी यांच्यात ओढाताण होते ती अशा जागी, परिसंवादात नाही. चांगला शिबिरप्रमुख घाईनं निवाडा देत नाही आणि 'ज्याची त्याची संस्कृती' म्हणून हातही झटकत नाही. तो रात्री सगळ्यांना गोलात बसवतो आणि नियम त्यांच्याकडूनच करून घेतो. वेगळं ताट हा सोयीचा प्रश्न आहे की कुणाला कमी लेखण्याचा, याची चर्चा तिथं होते. भारतातून गेलेल्या मुलांना ती आतून हलवते, कारण वेगळ्या ताटाचा अर्थ त्यांना सांगावा लागत नाही.

'कंपास'मधला एक खेळ जगभर खेळला जातो: 'एक पाऊल पुढे'. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते. कुणी राजदूताची मुलगी, कुणी कागदपत्रं नसलेला स्थलांतरित, कुणी एकट्यानं मूल वाढवणारी बेरोजगार आई, कुणी शाळा सुटलेली रोमा मुलगी. सगळे एका रांगेत उभे राहतात. प्रशिक्षक एकेक वाक्य वाचतो. ते आपल्या पात्राला लागू पडत असेल तर एक पाऊल पुढं जायचं. शेवटी काही जण भिंतीला टेकतात आणि काही जण जागचे हललेले नसतात.

खेळ सोपा आहे, त्याच्यानंतरचं बोलणं अवघड. मागं राहिलेल्याला काय वाटलं? पुढं गेलेल्यानं मागं वळून कधी पाहिलं? आणि गटात कुणी खरोखरच ते आयुष्य जगत असेल तर? ज्याच्या घरी रोज घडतं ते चिठ्ठी घेऊन दुसऱ्यानं दहा मिनिटं वठवायचं, यात त्याचा अपमानही होऊ शकतो. म्हणून शिबिरप्रमुखाला गट माहीत असावा लागतो. नवशिक्या प्रशिक्षकांच्या हातात हा खेळ नुसतीच हुरहूर लावून जातो आणि पोरं दुसऱ्या दिवशी तशीच कोरडी उठतात. शिवाय अशी पुस्तिका युरोपात, युरोपातल्या प्रश्नांवरून घडलेली. ती जशीच्या तशी दुसरीकडं चालत नाही.

देशोदेशींची मुलं एकत्र येण्याची खरी अडचण मात्र पुस्तिकेपाशी नसून दूतावासाच्या खिडकीपाशी आहे. स्वयंसेवकानं प्रवासाचा खर्च स्वतः करायचा, ही शिबिरांची जुनी रीत. जर्मनीतल्या विद्यार्थ्याला तो झेपतो, आफ्रिका-आशियातल्याला नाही. पैसे जमले तरी व्हिसा नाकारला जातो, कारण तरुण, अविवाहित, नोकरी नसलेला अर्जदार परत येईल यावर अधिकाऱ्याचा विश्वास बसत नाही. त्यामुळं उत्तरेकडची मुलं दक्षिणेत येतात आणि दक्षिणेकडची मुलं घरी पाहुण्यांचं स्वागत करतात. संघटना याविरुद्ध बोलत आली आहे, दक्षिणेत जाणाऱ्यांना निघण्याआधी प्रशिक्षण देते, दक्षिणेतून येणाऱ्यांसाठी निधी उभा करते. त्यानं असमतोल कमी होतो, संपत नाही. शताब्दीच्या वर्षी महामारीनं सगळ्यांच्याच सीमा बंद केल्या. पासपोर्ट हाती असूनही घरात अडकून पडण्याचा अनुभव युरोपातल्या तरुणांना पहिल्यांदाच आला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क शिक्षण कार्यक्रमाचा तरुणांसाठी राखून ठेवलेला 2020 ते 2024 चा टप्पा नेमका त्याच काळात सुरू झाला.

आपल्याकडं मात्र बरंचसं काम व्हिसाशिवाय होण्याजोगं आहे. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे आणि दर हिवाळ्यात तिची सात दिवसांची निवासी शिबिरं गावोगाव लागतात. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. वनराई बंधारा होतो, गटार साफ होतं. पण ते गटार एरवी कोण साफ करतं आणि बंधाऱ्याचं पाणी कुणाच्या शेताला लागणार, हे विचारायला वेळापत्रकात जागा नसते. एकाच जिल्ह्यातल्या मुलांत किती जगं असतात! ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुलगी, पारध्यांच्या पालावरचा पहिला पदवीधर, मालेगावच्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा, शहरातल्या सोसायटीत वाढलेली डॉक्टरांची लेक. एका रात्री सांस्कृतिक कार्यक्रम बाजूला ठेवावा आणि 'एक पाऊल पुढे'ची वाक्यं मुलांनाच लिहायला सांगावीत. पोलीस ठाण्यात गेलो तर माझी तक्रार नोंदवून घेतील. माझं आडनाव सांगितल्यावरही मला खोली भाड्यानं मिळेल. सुगीच्या दिवसांत माझी शाळा कधी बुडली नाही. रात्री आठनंतर मी एकटी बाहेर जाऊ शकते. मग या वाक्यांतल्या कुठल्या हक्काला कुठला कायदा आहे, तालुक्याला त्यासाठी कुठल्या कचेरीत जावं लागतं, तिथं अर्ज कसा लिहायचा, हे शिबिराच्या उरलेल्या दिवसांत बसून शिकावं, आणि गावातल्या ज्या माणसांना त्याची गरज आहे त्यांचे अर्ज त्यांच्यासोबत बसून लिहावेत.